चालू माग

रायपूर
१२ जुलै २०२४

ती. गुलाबकाका यांना,
सा. न.

मी रीता, बंडूजींची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी नाचणगावच्या शाळेत होते आणि दुपारी बाबांचा डबा घेऊन मिलच्या फाटकाशी यायचे. तुमच्या दोघांचे माग एकच, पाळ्या वेगळ्या. बाबा बाहेर येत असायचे तेव्हा तुम्ही आत जात असायचात. तुम्हाला एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलं नाही. तरीही हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण दुसरं कोणी उरलेलं नाही.

मिल बंद झाल्यावर बाबा माझ्याकडे आले. ऐकू तर तेव्हापासूनच येत नव्हतं. मे महिन्यात झटका आला आणि वाचाही गेली. हात मात्र सुटे आहेत, आणि आता प्रश्न हातांचाच आहे. दुपार झाली की ते हात हलवायला लागतात. डॉक्टर म्हणतात, त्यात अर्थ काही नसतो, मेंदूची खोड असते. नाकातली नळी निघते म्हणून हात पलंगाला बांधायचे म्हणतात. माझी सही हवी आहे. मी अजून केलेली नाही.

मला आठवतं की मिलमध्ये तुम्ही सगळे हातांनी बोलायचात. बाबा काही मागत असतील आणि मी त्यांचे हात बांधले, तर ते मागणं तसंच राहील. म्हणून पाहून लिहिते. एक, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळतात, बराच वेळ. दोन, तळवा छातीवर दोनदा आपटतात. तीन, दोन बोटं ओठांना लावून श्वास आत ओढतात आणि मग हात पुढे करतात, तळवा वर. ही तिसरी खूण सगळ्यात जास्त.

मी मोबाइलवर चित्रण करून पाहिलं. मोबाइल समोर धरला की त्यांचे हात थांबतात. तुम्हालाही फोनवर ऐकू येत नाही असं तिकडच्या आमच्या जुन्या शेजारीण अनुसयाबाईंकडून कळलं, म्हणून पत्र. लवकर लिहा.

तुमची,
रीता


नाचणगाव
१९ जुलै २०२४

चि. रीता हिस,
सप्रेम जयभीम.

हात बांधू देऊ नको. हे आधी.

शेकडो माग एका छपराखाली चालत. कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून हात आणि ओठ. बोटं चोळणं म्हणजे सूत तुटलं, जोडतो आहे. छातीवर तळवा म्हणजे हा माग माझा, मी पाहतो. तिसरी खूण पाण्याची. माग खात्यात गरम फार व्हायचं. पाणी मागत असतील. पाजत जा.

तू लिहिलंस की दुसरं कोणी उरलं नाही. खरं आहे. मी, माझी नात रोशनी आणि एक शेळी, एवढेच या घरात आहोत. रोशनी पुलगावला कॉलेजला जाते. ती हे पत्र टाकेल.

सरकारनं मिल ताब्यात घेतली तेव्हा तुझा जन्म झाला नव्हता. शेठ मिल बुडवून गेला होता. दिल्लीचा एक साहेब आला, गाठी उतरवायच्या चौथऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, पोट आणि पाठ या दोन गोष्टींसाठी हा देश यापुढे कोणासमोर हात पसरणार नाही. पोटासाठी धरणं बांधली आहेत, पाठ झाकायला तुम्ही आहात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा सूत खात्यात झाडू मारत होतो. झाडू काखेत धरून मीही वाजवल्या.

मग कंट्रोलचं कापड निघालं. काठावर भाव छापलेला, रेशनच्या दुकानात मिळणारं. जाड होतं, पण अंगावर राहायचं. बाहेरचे सुटे भाग बंद झाले. धोटासुद्धा. धोटा तू पाहिला असशील, होडीसारखा लाकडी तुकडा, पोटात सुताची कांडी. तो मागातून इकडून तिकडे धावतो आणि आडवं सूत टाकत जातो. तोवर तो विलायतेहून यायचा. आता आपल्याकडच्या तेंदूचा व्हायला लागला. ज्या झाडाच्या पानाची बिडी होते त्याचं लाकूड एवढं टणक असतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझा धोटा तेंदूचा. अजून घरात आहे.

त्याच सुमारास हुकूम निघाला की सरकारी मिलमध्ये माग कोणालाही मिळेल. आमच्या वस्तीतून मागावर गेलेला पहिला माणूस मी. तुझ्या बाबांच्या मागांवर मला उलट्या पाळीला दिलं.

आम्ही बोलत का नव्हतो, हे तू विचारलं नाहीस, पण विचारल्यासारखं आहे. त्या आवाजात काय बोलणार.

गुलाबकाका


रायपूर
२८ जुलै २०२४

ती. काका,
सा. न.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. हात सुटे आहेत.

पाण्याचं मात्र जमत नाही. ती खूण केली की मी चमच्यानं ओठ ओले करते. ते तोंड फिरवतात. परवा त्यांनी चमचा हातानं बाजूला केला आणि तीच खूण पुन्हा केली. मी दिलं, त्यांनी पुन्हा बाजूला केला. त्यांच्या तोंडावर कंटाळा होता, माणूस चुकीची वस्तू आणून देणाऱ्या पोराकडे पाहतो तसा.

आणखी काही गोष्टी आहेत. भूपेंद्रना सांगितल्या तर ते हसतात. ते माझे यजमान, त्यांचं कापडाचं दुकान आहे. हे कापड कुठून येतं असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, गोदामातून. अशा माणसाला हे कसं सांगू? म्हणून तुम्हाला लिहिते.

बाबांचं तोंड पुसताना ओठांवर कापसाचं तूस निघतं. पांढरं, बारीक. खोलीत कापूस नाही, उशी फोमची आहे. सकाळी निघत नाही. दुपारनंतर निघतं.

पलंगाजवळच्या स्टूलवर पाण्याचा पेला असतो. दुपारी त्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात, मधोमध, बारीक. मी पेला उचलून टेबलावर ठेवला. तिथंही उठली. सांभाळायला येणाऱ्या बाईंनी मला विचारलं, इथं जवळपास कारखाना आहे का?

आणि बाबा एकटे हात हलवत नाहीत. आधी मला हे कळलं नव्हतं. ते थांबतात. भिंतीकडे पाहतात, मान हलवतात, मग पुन्हा हात. समोरच्याचं पाहून झाल्याशिवाय उत्तर देत नाहीत. गेल्या मंगळवारी मी बाजूला बसून सगळं पाहिलं. ते बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मग अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. थांबले. पुन्हा वीत दाखवली, आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. ही कसली खूण?

लहानपणी आमच्या देवघरात एक धोटा असायचा. तांबूस लाकडाचा, टोकांना पितळ. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागायचं. बाबा पाळीहून आले की तो पिशवीतून काढून तिथं ठेवायचे आणि जाताना घेऊन जायचे. मी त्याला देवच समजायचे. तो माझ्याकडे आहे. तुमच्या पत्रातलं धोट्याचं वाचल्यावर कपाटातून काढला. बाकीचे लोक धोटे घरी नेत नव्हते, असं मला आता आठवतं. बाबा का न्यायचे?

रीता


नाचणगाव
३ ऑगस्ट २०२४

चि. रीता,
सप्रेम जयभीम.

वीत म्हणजे बीम संपत आलं. मागाला मागच्या बाजूनं उभ्या सुताचा मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. किती राहिलं असं कोणी विचारलं तर वीतभर, असं मागवाला या खुणेनं सांगतो.

यापुढे त्यांच्या खुणा मला लिहू नको. लिहायच्याच असतील तर कोणत्या दिवशी केल्या ते लिहू नको.

पाणी देत राहा.

गुलाबकाका


रायपूर
१० ऑगस्ट २०२४

ती. काका,

तुमची नाराजी पत्करून लिहिते आहे.

हात बांधले. नळी तिसऱ्यांदा निघाली, त्यांनी ती मुद्दाम काढली, आणि भूपेंद्रनी सही केली. मी घरी नव्हते. मऊ पट्ट्या आहेत, वळ उठत नाहीत, असं मला समजावतात. आता बाबा ओठांनी श्वास ओढत राहतात. दुपारभर. आत, आत, आत. ओठ फुटले आहेत. रक्तावर ते तूस चिकटतं. डॉक्टर म्हणतात, यांच्या अंगात आता काही उरलेलं नाही, कशाच्या आधारावर टिकून आहेत ते सांगता येत नाही. बाई सरळ म्हणाल्या, जीव अडकला आहे, कशात ते शोधा.

मी शोधलं. देवघरातला धोटा त्यांच्याकडे नेला. उजव्या हाताची पट्टी सोडली आणि तो हातात दिला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फेकला. फरशीवर असा आदळला की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. लाकूड उभं चिरलं. ज्याला मी हळद-कुंकू लावलं ते बाबांनी फेकलं, आणि फेकून झाल्यावर रिकामा हात पुढे केला, तळवा वर.

काका, ती खूण पाण्याची नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. बाबांचं आणि तुमचं जे काही होतं त्यात मी नव्हते. पण ते मागत आहेत आणि मी त्यांच्या तोंडात पाणी ओतते आहे. काय मागतात ते सांगा. द्यायचं की नाही ते नंतर पाहू.

रीता


नाचणगाव
१६ ऑगस्ट २०२४

चि. रीता,
सप्रेम जयभीम.

ती खूण पाण्याची नाही. पहिल्या पत्रात वाचली तेव्हाच मला कळली होती.

कांडी संपली की मागवाला धोट्यात नवी कांडी घालतो. तिचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्याला हत्यार नव्हतं. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत ओठात येतं. दिवसभरात किती वेळा, त्याला गणती नाही. तूस पोटात जायचं, रंग जायचा. पाळी बदलली की दुसरा माणूस त्याच धोट्याला ओठ लावायचा. आता तुला कळलं असेल की आमच्या लोकांना माग खात्यात का घेत नव्हते. झाडू चालायचा, गाठी उचललेल्या चालायच्या. एका धोट्याला दोघांचं तोंड चालायचं नाही.

मग सरकारनं हुकूम काढला आणि मी आत गेलो.

पाळी बदलताना माग थांबवायचा नाही, अशी रीत होती. जाणारा खूण करायचा, चालू आहे, धोटा आत आहे, घे. येणारा छातीवर तळवा ठेवायचा. मगच पहिला बाजूला व्हायचा. येणारा आला नाही तर जाणाऱ्यानं उभं राहायचं, कितीही वेळ. चालू माग सोडून कोणी गेलं नाही. साऱ्या खात्यात पाळी बदलायची आणि आवाजात फरक पडायचा नाही. फक्त तुझ्या बाबांचे माग बंद व्हायचे. ते दांडा ओढायचे, धोटा काढायचे, सदऱ्याला पुसायचे, पिशवीत घालायचे. विलायती होता, जुन्या साठ्यातला. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, विचारलं तर म्हणायचे, देशी धोट्यानं सूत तुटते. मी माझा तेंदूचा धोटा घालून बंद मागापासून सुरुवात करायचो. मग ते पाळीला आले की मी माझा काढायचो, ते त्यांचा घालायचे. मिल बंद होईपर्यंत.

ते माझ्याशी एकदाच तोंडानं बोलले. फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर, चार माणसांत. मी विचारलं होतं, बंडूजी, माग काऊन बंद करता? ते म्हणाले, "सरकारनं मिल घेतली, माह्यं तोंड नाई घेतलं." लोक हसले. मीही थोडा हसलो, काय करणार. सरकारनं बंदरावर विलायती धोटा अडवला होता, पिशवीतला कोणी अडवला नाही.

सगळे म्हणतात मागांनी मला बहिरं केलं. ते माग बंद व्हायचे ती शांतता मला अजून ऐकू येते.

आता दुसरं सांगतो. हे रोशनीलाही नीट माहीत नाही. मिलची यंत्रं भंगारात गेली, छप्पर गेलं. फरशी आहे, बोल्ट आहेत, त्यातून बाभळी आल्या आहेत. मी दुपारी शेळी घेऊन तिथं जातो. आमचे माग जिथं होते तिथं उभा राहतो आणि हातांनी बोलतो. कोणाशी, ते मला माहीत नव्हतं. रोशनीनं एकदा पाहिलं. म्हणाली, "आबा, हात काऊन हलवून राह्यले? लोक म्हणतात, म्हातारा ट्राफिक पोलीस झाला."

त्या मंगळवारी मी तिथं विचारलं होतं, बीम किती राह्यलं? सहज. उत्तर कोण देणार, म्हणून शेळी हाकत घरी आलो. उत्तर तुझ्या पत्रातून आलं. म्हणून तुला म्हटलं, दिवस लिहू नको.

गेल्या महिन्यापासून ती फरशी तळपायाला जाणवते आहे. चालू खात्यात जाणवायची तशी.

दोन बोटं ओठांना, श्वास आत, मग तळवा पुढे. म्हणजे तुझा धोटा दे. ही खूण सगळे जण सगळ्यांना करायचे. मला कोणी केली नव्हती. तुझ्या पत्रात ती वाचली आणि मला वाटलं, मागू दे. थोडे दिवस मागू दे. म्हणून पाणी लिहिलं.

काल पंधरा ऑगस्ट होता. फाटकाचा खांब अजून उभा आहे, जुने लोक तिथं झेंडा लावतात. आम्ही आता बोटांवर मोजण्याइतके. झेंडा वर गेला तेव्हा मी खाली पाहत होतो. चुन्याची रांगोळी हलत होती, कण इकडून तिकडे, कोणाचा पाय न लागता. मी वर पाहिलं नाही. घरी आलो आणि धोटा काढला.

तो या पत्रासोबत पाठवतो आहे. कांडी घातलेली नाही, सूत घरात नाही. पट्ट्या सोड. धोटा हातात दे. तो तोंडाला लावणार नाही, असं मला वाटतं. पण दे.

गुलाबकाका


रायपूर
२६ ऑगस्ट २०२४

ती. काका,

बाबा गेले. बुधवारी, दुपारी. तुम्ही दिवस लिहू नको म्हणालात, पण हा लिहायलाच हवा.

पार्सल त्याच दिवशी आलं. भूपेंद्र दुकानात होते. मी खोलीचं दार लावलं आणि दोन्ही पट्ट्या सोडल्या. धोटा काळपट, तुमच्या हातानं गुळगुळीत झालेला, एका बाजूला अंगठ्याची खोलगट जागा. मी तो त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा फिरवत गेले आणि ती जागा सापडल्यावर थांबले. त्यांचा अंगठा तिथं बरोबर बसला.

मग त्यांनी तो ओठांना लावला.

तुम्हाला वाटलं होतं तसं झालं नाही, म्हणून नीट सांगते. त्यांनी पुसला नाही. सदऱ्याला नाही, चादरीला नाही. तसाच लावला आणि श्वास आत ओढला. एकदाच. तो त्यांचा महिन्याभरातला सर्वांत लांब श्वास असेल. मग धोटा तोंडापासून दूर नेला. त्याच्या भोकापासून त्यांच्या ओठांपर्यंत एक पांढरी रेघ होती. मला लाळ वाटली. मी बोटानं पुसायला गेले. ती तुटली नाही, काका. माझ्या बोटावर ताण आला.

पेल्यातलं पाणी काठावरून सांडत होतं.

त्यांनी डोळे उघडले आणि भिंतीकडे पाहिलं. डावा तळवा सपाट धरला, उजवी मूठ त्यावरून इकडून तिकडे नेली, दोन-तीनदा. मग मूठ उघडली. मग एक बोट समोर केलं, भिंतीकडे, आणि ते बोट खाली तळव्याकडे आणलं. थांबले. भिंतीकडे पाहत राहिले. ते उत्तराची वाट पाहत होते. मी त्यांना हाक मारत होते आणि ते माझ्या पलीकडे पाहत होते. तसेच पाहता पाहता गेले.

धोटा सापडत नाही. शेवटपर्यंत त्यांच्या हातात होता. मूठ उघडली तेव्हा तो पडायला हवा होता. पहिला धोटा पडला तेव्हा खालच्या बाई वर आल्या होत्या. हा पडल्याचा आवाज मला आला नाही. पलंग सरकवला, गादी उसवली. भूपेंद्र म्हणतात, गडबडीत बाईंनी उचलला असेल. बाई रडल्या. मी त्यांची माफी मागितली.

तुमची वस्तू मी हरवली. ती शेवटची खूण कसली, तेवढं सांगा. त्यांनी ती कोणाला केली ते मला माहीत आहे.

रीता


नाचणगाव
२ सप्टेंबर २०२४

चि. रीता,
सप्रेम जयभीम.

धोटा हरवला नाही.

ती खूण मी मागच्या पत्रात लिहिली होती, हात कसे करतात ते सांगितलं नव्हतं. माग चालू आहे. धोटा आत आहे. तू घे. पाळी बदलताना करतात ती. त्या बुधवारी दुपारी मी फरशीवर उभा होतो. तुझं पत्र यायच्या आधी मला फक्त एवढं कळलं होतं की पाळी बदलायची वेळ झाली आणि पायाखालची थरथर थांबली नाही. मी थांबण्याची वाट पाहत होतो. सवय. ती थांबली नाही. शेळी दावं तोडून घरी पळाली. मी तिथंच बसून राहिलो.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा रोशनी मला शोधत आली. रागात होती. जवळ आली. स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एक चप्पल काढून पाय टेकवला आणि पुन्हा घातली. मग ओठ नीट हलवत म्हणाली, "आबा, बाजूले बोअरची गाडी आली का?" बाजूला काही नव्हतं, बाभळीच होत्या, त्यांचा पालाही हलत नव्हता. मी म्हटलं, आली असंल. तिनं माझा दंड धरला आणि रस्त्यापर्यंत सोडला नाही.

तिच्या ओढणीवर तूस होतं. मी झटकलं. तिला सांगितलं नाही.

आता तू विचारशील, म्हणून लिहून ठेवतो. हो, मला बोलावलं आहे. छातीवर तळवा ठेवायचा, एवढंच राहिलं आहे. तुझं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी गेलो. हात उचलला होता. मग रोशनीचं शेवटचं वर्ष आठवलं. शेळी गाभण आहे. मी तळवा छातीवर नेला नाही. पुढे धरला, बोटं मिटून. थांब. येणाऱ्याला तेवढा हक्क असतो.

थरथर तशीच आहे. नियम त्यांना माहीत आहे, आमच्यापेक्षा जास्त. चालू माग सोडून जाता येत नाही, घेणारा येईपर्यंत उभं राहावं लागतं. तुझ्या बाबांनी मला चालू माग कधी दिला नाही. आता दिला आहे, तर ते तिथं उभे आहेत.

वाईट वाटून घेऊ नको. मी रोज दुपारी जातो, त्यांना दिसेल असा उभा राहतो. बीम वीतभर राहिलं होतं म्हणतात, पण वीतभरात बरंच कापड निघतं. काल विचारलं, पाय दुखतात का? उत्तर इथं दिसत नाही आणि आता तुझ्याकडूनही येणार नाही.

सूत तुटत नाही एवढं कळतं. तेंदूचा आहे.

गुलाबकाका